सालामांकाच्या टेपवरचे मोठेबाबा

कुणाला काही ‘दिसलं’ म्हटलं की मी आधी विचारायचे, ताप होता का? असल्या गोष्टींवर माझा काडीचाही विश्वास नव्हता. तरी हे लिहितेय, कारण तो आवाज माझ्याच तोंडून निघाला होता... आणि अख्ख्या वर्गाने ऐकला होता.

ऐंशीच्या दशकाची सुरुवात. आम्ही वर्ध्याजवळच्या सिंदी रेल्वे गावचे. बाबा मी लहान असतानाच गेले, म्हणून आई आणि मी मोठेबाबांकडे – बाबांच्या थोरल्या भावाकडे – राहायचो. त्यांचं बाजारात कापडाचं दुकान होतं. वर्ध्याला बी.ए. करताना मी एका स्पॅनिश समाजसेविकेची दुभाषी म्हणून खेड्यांतून फिरले. तिच्याकडून थोडी स्पॅनिश शिकले, आणि तिनेच स्पेनमधल्या सालामांका शहरात, एका भाषाशाळेत, सहा महिन्यांची शिष्यवृत्ती मिळवून दिली.

मोठेबाबांनी जेवता जेवता ताट सरकवलं. “काऊन जाऊन राह्यली तिकडं? इथं बोलाले माणसं नाई का तुले?”

निघायच्या दिवशी ते स्टेशनवर आले नाहीत. ओट्यावरूनच म्हणाले, “जाय. पण तिथं तुझ्या तोंडून त्यायच्या भाषेचा एक शब्द निघाला, तं माझं नाव बदलून टाकजो.”

शाळेच्या लॅबमध्ये रोज सकाळी दहाला उच्चारांचा तास असे. हेडफोन लावायचे, उतारा मोठ्याने वाचायचा, तो टेप व्हायचा. तिसऱ्या आठवड्यात, सोमवारी, मी भाजीबाजारावरचा एक सोपा उतारा वाचला. मान वर केली, तर शेजारची जपानी मुलगी उठून भिंतीला टेकलेली. आमच्या शिक्षिका इनेस मॅडम पांढऱ्याफटक. त्यांनी टेप मागे नेली आणि लावली.

घोगरा, जड, पुरुषी आवाज. मोठेबाबांचा!

“इचं नाव काटा. इले घरी धाडा. इची जीभ माझ्या घरची हाये.”

मी तर स्पॅनिशच वाचली होती... शपथेवर सांगते.

मंगळवारी पुन्हा तेच. बुधवारी शिव्या आल्या. माझ्या शेजारी कुणी बसेना. ज्या घरी राहत होते तिथल्या बाईंच्या कानावर गेलं, तर त्यांनी माझा पेलाच वेगळा काढला. शुक्रवारी संचालकांनी बोलावून ठणकावलं – हा चाळा सोमवारपर्यंत थांबला नाही, तर परतीचं तिकीट काढा.

शनिवारी सुट्टी होती. इनेस मॅडमकडून लॅबची किल्ली मागितली. भर दुपारी एकटी आत बसले, हेडफोन लावले, आठवडाभराची टेप सुरू केली. तो आवाज पुन्हा कानात शिरू लागला. आता भीतीपेक्षा संताप जास्त होता.

“मोठेबाबा, तुमी मले वाढवलं, म्हणून माझी जीभ तुमची नाई होत! मी कोर्स पुरा करूनच येईन. आता गप राहा!”

जन्मात पहिल्यांदा मी त्यांना उलटून बोलले. टेप फिरत राहिली. पण आवाज... नव्हता.

सोमवारी उतारा वाचला. इनेस मॅडम एवढंच म्हणाल्या, “तुझा र अजून नीट होत नाही.” मला तिथेच रडू कोसळलं.

तीन आठवड्यांनी आईचं पत्र आलं, त्याच शनिवारच्या दुसऱ्या दिवशी लिहिलेलं. ‘मोठेबाबाची वाचा सोमवारी दुपारी दुकानात बोलता बोलताच गेली. वर्ध्याच्या डॉक्टरले काही सापडलं नाई. मंग शनिवारी दिवेलागणीले आपोआप आली.’ तिथली भर दुपार म्हणजे आपल्याकडची दिवेलागण...

कोर्स पुरा करून परतले. शाळेतलं मी कुणालाच कळवलं नव्हतं, आईलाही नाही. दुकानात मोठेबाबांच्या पाया पडायला वाकले, तर त्यांनी पाय मागे घेतले. गजाने कापड मोजता मोजता, वर न बघता म्हणाले,

“रिकाम्या खोलीत, कानाले ते काळं लावून, मले गप राहा म्हणाली तू.”

त्यानंतर मरेपर्यंत ते माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत.

मनाचा ताण होता, असं एका डॉक्टर मैत्रिणीने सांगून पाहिलं. असेल. पण मग त्यांना ती खोली कशी दिसली? कारण मला आजही ठाऊक नाही. ते जिवंत असताना विचारता आलं असतं... विचारलं नाही. खरं सांगू? ते उत्तर देतील, याचीच मला भीती होती.