दुसरी गिटार

क्रांती एसटीत कंडक्टर आहे. तिच्या आजोबांनी इंग्रजांच्या काळात भूमिगत माणसांना उसाच्या फडात भाकरी पोचवल्या होत्या, त्या अभिमानापोटी वडिलांनी पोरीचं नाव क्रांती ठेवलं. "आणि क्रांतीनं केलं काय, तर कोयनानगरच्या गाडीत 'मागं सरका, मागं सरका' करत जल्म घालवला," असं ती स्वतःच हसून सांगते. घाटातल्या वळणांवर गाडी कलली तरी ती कशाला धरत नाही. एका हातात तिकिटाचं मशीन, दुसऱ्यात सुटे पैसे, आणि पाय जमिनीत रोवल्यासारखे.

गिटार तिच्याकडे आली ती धाकट्या भावामुळं. शिवतेज फौजेत. युनिटमधल्या एका मिझो जोडीदाराचं बघून त्यानं हौसेनं गिटार घेतली, दोन गाणी कशीबशी शिकला, आणि बदली वर बर्फात झाली तेव्हा सुट्टीत येऊन ती उंब्रजला बहिणीच्या घरी ठेवून गेला. "आक्का, तूच सांभाळ. आपल्या घरी ठिवली तर आप्पा तिच्यावर टॉवेल वाळत घालतील."

वर्षभर ती कपाटावर पडून होती. मग मुलगी इंजिनिअरिंगला सांगलीला गेली, तिची मागची खोली रिकामी झाली, आणि सकाळच्या ड्युटीवरून आल्यावर घर क्रांतीला खायला उठायला लागलं. नवरा जोतिबा साखर कारखान्यात फिटर. हंगामात तो घरी कधी येतो आणि कधी जातो, याचा पत्ता लागत नसे. अशा एका दुपारी तिनं गिटार खाली काढली, धूळ पुसली आणि मोबाईलवर बघून तारा लावायला बसली. चाळिशी ओलांडलेल्या बाईनं गिटार शिकावी यात काही विशेष आहे, हे तिच्या डोक्यातही आलं नाही. बोटांची टोकं सोलून निघाली, तिकिटाचं मशीन दाबताना झोंबायला लागली, तेव्हा मात्र तिला मनातून बरं वाटलं. हे दुखणं तिचं एकटीचं होतं. संसारातलं नव्हतं.

पुढं ती रविवारी कराडला एका सरांकडं शिकायला जाऊ लागली.

डेपोत तिच्या दोन मैत्रिणी. राजेश्वरी तिच्याच भरतीतली. ट्रेनिंगला एका ताटात जेवलेल्या. दुसरी मदिहा, दोघींपेक्षा लहान, बोलायला फटकळ, मनानं सरळ. बायकांच्या रेस्ट रूममध्ये तिघींचे डबे एकत्र उघडत. राजेश्वरीचा गळा गोड होता. खंडेनवमीला डेपोत गाड्यांची पूजा झाली की सगळे तिला गायला लावत. त्या वर्षी क्रांतीनं शिवतेजची गिटार आणली, चुकतमाकत साथ केली, आणि राजेश्वरीनं तिच्या चुका गळ्यात झाकून घेतल्या. डेपोभर कौतुक झालं. मदिहा म्हणाली, "तुमी दोघी नोकरी सोडून लग्नाच्या सुपाऱ्या घ्या. मी पैसं गोळा करती, सवय हाय मला."

पुढं क्रांतीनं स्वतःची गिटार घेतली, तेव्हाही दोघी खूष झाल्या. राजेश्वरीनं त्या नव्या गिटारीला हळदकुंकू लावलं.

बिघडलं ते दुसरीच्या वेळी.

लेकीला भेटायला सांगलीला गेली असताना क्रांतीनं एका दुकानात लाल रंगाची इलेक्ट्रिक गिटार बघितली. हातात घेतली. तारा इतक्या हलक्या होत्या की बोट नुसतं टेकलं तरी सूर निघत होता. दुकानदारानं आवाज मोठा करणारा छोटा अँप जोडून दिला आणि तिनं एकच स्वर ओढला. तो स्वर संपेचना, खोलीभर रेंगाळत राहिला. ती तशीच परत आली, पण कोयनेच्या गाडीत तिकिटं देतानाही तो स्वर कानात होता. पुढच्या दोन-तीन महिन्यांत जादा गाड्या लागल्या की ती हात वर करायची. पालच्या यात्रेची गर्दी, दिवाळीतली पाडव्याची फेरी, जी ड्युटी कुणाला नको असायची ती तिनं घेतली. आणि लाल गिटार घरी आणली. अँपसकट.

रेस्ट रूममध्ये तिनं फोटो दाखवला. राजेश्वरीनं बघितला, मोबाईल परत दिला आणि डब्यातली भाजी ढवळत म्हणाली, "पयली मोडली का?"

"न्हाई गं. ही येगळी. हिचा आवाज येगळा असतोय."

"असंल बाई. आमाला काय, आमाला एकच नवरा आणि एकच पातेलं."

मदिहा हसली. क्रांतीही हसली, पण मोबाईल तिनं लगेच पर्समध्ये टाकला.

तिच्या लक्षात हळूहळू येत गेलं. एक गिटार असेपर्यंत तो छंद होता, गरीब बिचारीचा विरंगुळा होता. दुसरी आली आणि क्रांती माजोरी ठरली. तिनं तेवढ्याच पैशाचं सोनं केलं असतं तर दोघींनी हातात घेऊन वजनाचा अंदाज केला असता, घडणावळ विचारली असती. सोनं घरचं असतं, अडीनडीला मोडता येतं, लेकीच्या लग्नात घालता येतं. गिटार कुणाच्याच उपयोगाची नव्हती, क्रांती सोडून. आणि बाईमाणसानं नुसतं स्वतःसाठी काही घ्यायचं, तेही दुसऱ्यांदा, याला लोकांपाशी नाव नव्हतं.

टोमणे सुरू झाले. "आल्या आमच्या गिटारवाल्या बाई." "हळू बोला, आर्टिस्ट जेवतायत." क्रांतीनं ते झेललं. पण एके दिवशी स्टँडवर गाडी लावून ती पाणी भरायला गेली, तेव्हा राजेश्वरी दोन ड्रायव्हरांशी बोलत उभी होती. पाठ होती तिची. "जादा गाड्या हिलाच कशा लागत्यात म्हणं? ड्युटी लावणाऱ्या सायबाला गाणं शिकवत असंल." ड्रायव्हर हसले. क्रांतीनं बाटली अर्धीच भरली आणि परत गाडीत जाऊन बसली.

 भांडण करायचा तिचा स्वभाव नव्हता. आणि खरं सांगायचं तर, आपण खरंच काही चुकीचं करतोय की काय, ही शंका तिच्याही मनात घर करायला लागली होती.

मग तिनं लपवायला सुरुवात केली. पायानं दाबायचं, आवाजाला करामती करणारं एक छोटं पेडल तिनं मागवलं, ते सांगलीच्या त्या दुकानाच्या पत्त्यावर, डेपोवर नाही. नवी बॅग आली तेव्हा म्हणाली जुनीच आहे, धुतली. कुणी लाल गिटारीचा विषय काढला, तर एकदा तिच्या तोंडून निघून गेलं, "ती माझी न्हाई, शिवतेजची हाय. त्यानंच पैसं धाडलं हुतं. सांभाळायला ठिवलीय माझ्यापाशी." राजेश्वरी म्हणाली, "असं व्हय," आणि तिचा चेहरा एकदम सैल झाला. जेवताना तिनं लोणच्याची फोड क्रांतीच्या डब्यात टाकली, पूर्वीसारखी. क्रांतीला वाटलं, एवढ्याशा खोट्यानं सुटलं सगळं.

सुटलं नव्हतं. घरी आता ती हेडफोन लावून वाजवायची, म्हणजे शेजारच्या बाईला ऐकू जाऊ नये. जोतिबानं एकदा दारातून बघितलं. बायको डोळे मिटून तारा छेडतेय आणि खोलीत मात्र नुसती टकटक. "आवाज कुठं गेला हिचा?" त्यानं विचारलं.

"कानात हाय."

"तुझा पगार, तुझी गिटार. चोरून कशापायी वाजवतीस?"

तिनं हेडफोन नीट केले आणि पुन्हा तारांवर बोटं ठेवली. पण त्या प्रश्नानंतर तिचं वाजवण्यात मन लागेना.

मे महिन्यात शिवतेज सुट्टीवर आला. कराड स्टँडवर उतरला तर समोर राजेश्वरी. ती त्याला एसटीच्या ट्रेनिंगच्या दिवसांपासून ओळखत होती. "काय रं, लाल गिटार भारी घेतलीस," ती म्हणाली. शिवतेज गोंधळला. "लाल? माझी कुठली लाल? माझा तो जुना खटारा. आक्कानं घेतली असंल." एवढं बोलून तो निघून गेला. आपल्या नावावर काय सांगितलं गेलंय, याची त्याला कल्पनाही नव्हती.

दुसऱ्या दिवशी रेस्ट रूममध्ये राजेश्वरीनं आपला डबा वेगळ्या बाकावर उघडला. टोमणा नाही, काही नाही. हे टोमण्यांपेक्षा वाईट होतं. मदिहानंच शेवटी क्रांतीला गाठून सांगितलं, "तुझ्या गिटारीचं तिला एवढं लागलं नव्हतं. तू खोटं बोललीस ते लागलं. म्हणाली, मला जळकी समजून माझ्यापासनं लपिवलं."

"मग जळत न्हवती का ती?"

"जळत हुती की. म्हणून खोटं बोलायचं?"

क्रांतीला राग आला. त्या साहेबाबद्दलचं बोलणं तिनं कुणाला सांगितलं नव्हतं, ते आत साचलेलं होतं. खरं तर तिनं जाऊन राजेश्वरीला चार शब्द सुनवायचे असंच ठरवलं आणि सकाळची फेरी संपल्यावर ती सरळ तिच्या घरी गेली.

दार उघडंच होतं. राजेश्वरी खाकी साडी न बदलताच सासूला कुशीवर वळवत होती. म्हातारी अंथरुणाला खिळून होती हे क्रांतीला माहीत होतं, पण माहीत असणं आणि बघणं यात फरक असतो. पाठीला जखमा झाल्या होत्या. राजेश्वरी एका हातानं तिला धरून दुसऱ्यानं पावडर शोधत होती. क्रांतीनं पर्स खाली टाकली आणि म्हातारीला खांद्यापाशी आधार दिला. "आवं मावशी, माझ्या हातावर भार टाका." जड होती म्हातारी. दोघींनी मिळून चादर बदलली. मग राजेश्वरीनं भांडी घेतली, मग दळण निवडायला बसली. बोलली ती दळण निवडतानाच, मान वर न करता.

"भांडायला आलीस न्हवं? भांड."

क्रांतीचे शब्द वाटेतच विरले होते. तरी तिनं सांगायचं ते सांगितलं. "स्टँडवर तू सायबाचं बोललीस. मी मागं हुते."

सुपावरचा हात थांबला. राजेश्वरीनं हातातला खडा बाजूला टाकला. "ते मी वाईट बोलले," ती म्हणाली. "तोंडातनं गेलं आन् मलाच घाण वाटली. पण माघारी घेता आलं न्हाई." मग म्हणाली, "जळते मी, क्रांते. व्हय. गिटार न्हाई मला पायजे. मला येतबी न्हाई. पण तुझी खोली हाय. त्या खोलीला दार हाय. तू ते लावून घेतीस आन् घरातलं कुणी हाक मारत न्हाई. तू ती लाल गिटार दाखवलीस न्हवं, तवा मला ते दार दिसलं."

 क्रांतीच्या मनात आलं, शिवतेजची जुनी गिटार हिला आणून द्यावी. जिभेवर आलं होतं. पण या घरात, या दुपारी, ती गिटार म्हणजे आणखी एक सांभाळायची वस्तू झाली असती. आणि वर आपण दान केल्याचं पुण्य. तिनं तो शब्द गिळला. सूप पुढं ओढलं आणि खडे वेचायला लागली.

"मी खोटं बोलले," ती थोड्या वेळानं म्हणाली. "तू रुसू नये म्हणून बोलले. पण त्यात मी तुलाच हलकं केलं."

"केलंस."

"चुकलं माझं."

"माझं तुझ्यापरास जास्त चुकलं. ज्या दोघांपाशी बोलले त्यांना सांगते उद्या. तोंडावर सांगते."

तिनं ते सांगितलं, हे क्रांतीला त्या ड्रायव्हरांपैकी एकाकडूनच कळलं. तो बिचारा खजील होऊन चहा पाजायला आला होता.

त्या रविवारी कराडला क्लासमध्ये एक डॉक्टरीणबाई नवी गिटार घेऊन आल्या. पॉलिशला हात लावायची भीती वाटावी अशी. बाईंना साधे तीन स्वर धड पकडता येत नव्हते. क्रांती शेजारी बसली होती आणि तिच्या मनात स्पष्ट शब्द उमटले, हिच्या हातात ही शोभत नाही. मग ती स्वतःशीच दचकली. वाक्य तिचं होतं, पण चाल राजेश्वरीची होती. जळणं काही राजेश्वरीच्या एकटीच्या घरचं नव्हतं तर. ज्याला जे दार दिसतं तिथं तो थबकतो. तिनं डॉक्टरीणबाईंचं मधलं बोट उचलून योग्य तारेवर ठेवलं आणि म्हणाली, "इथं दाबा, म्हणजे वाजंल."

तेव्हापासून तिनं हेडफोन लावणं सोडलं. शेजारची बाई एकदा आवाजाबद्दल कुरकुरली, तेव्हा वाजवायची वेळ ठरवून घेतली. घेतलेली वस्तू लपवायची नाही आणि मिरवायचीही नाही, एवढाच तिनं स्वतःशी नियम केला. जमला असं नाही. कधी नवी तार लावली तरी दाखवायची ऊर्मी येते, कधी उगाच संकोच वाटतो.

दर आठवड्यात एखादी दुपार ती राजेश्वरीच्या घरी जाते. म्हातारीला वळवायला दोन माणसं लागतात. त्या दुपारी राजेश्वरी घटकाभर पडते, कधी नुसतीच बाहेर जाऊन उभी राहते. ती गात वगैरे नाही. क्रांतीही गाण्याचं नाव काढत नाही.

परवा रेस्ट रूममध्ये डबे उघडताना क्रांती म्हणाली, "काल आणखी एक पेडल घेतलं."

मदिहानं राजेश्वरीकडं बघितलं. मग राजेश्वरीनं विचारलं, "हे काय करतंय?"

"आवाज घुमवतंय. गाभाऱ्यात म्हटल्यागत."

"म्हणजे आता देऊळबी इकत घेतलंस."

मदिहाला ठसका लागला. राजेश्वरी हसली, आणि हसता हसता तिच्या चेहऱ्यावरून तेच जुनं काहीतरी सरकून गेलं. क्रांतीनं ते बघितलं. पूर्वी ती लगेच काहीतरी बोलून ते झाकायला गेली असती. या वेळी तिनं ते तसंच जाऊ दिलं आणि विचारलं, "मावशींच्या पाठीची जखम कशी हाय?"

"वाळतीय," राजेश्वरी म्हणाली. "भेंडी घे. तिखट झालीय जरा."