माझ्या ताटातलं

आमच्या घरात बायको नवऱ्याच्या ताटात जेवते. नवरा उठला की तेच ताट पुढे ओढायचं आणि त्यातच आपलं वाढून घ्यायचं. माझी आई गावाला तशीच जेवली. माझी बायको लग्न होऊन लालबागच्या खोलीत आली तेव्हापासून तशीच जेवत आली. हल्लीच्या मुलींना हे सांगितलं तर त्या नाक मुरडतात. मुरडू देत. पण त्यात पुरुषालाही एक रीत असते, ती कोणी सांगत नाही. पुरुषाने ताट पुसून उठायचं नाही. माशाची एक बरी तुकडी, दोन घास भात तिच्यासाठी मागे ठेवायचा. मी गिरणीत होतो तेव्हाही ठेवला, गिरणी बंद पडून वॉचमनकी करत होतो तेव्हाही ठेवला. बायकोला कधी गजरा आणला नाही, फिरायला नेलं नाही. पण ताटात ठेवलं. माझं शिक्षण चौथीपर्यंत, मला प्रेम वगैरे बोलता येत नाही. हे येत होतं.

मागच्या वर्षी तिचे गुडघे गेले. जिना उतरताना कठडा धरून एकेका पायरीवर थांबायची. शुगरही निघाली. परळच्या डॉक्टरने गुडघ्यांचे फोटो बघितले आणि म्हणाला, वाटी बदलावी लागेल, पण आधी आठ किलो वजन उतरवा, मगच हात लावतो.

घरात तेव्हा नातू सव्वा वर्षाचा. मुलाची पाळीची नोकरी, सून सकाळी ऑफिसला जाते ती रात्री आमची जेवणं उरकल्यावरच येते. दिवसभर पोर आजीकडे. त्याला उचलायचं, आंघोळ घालायची, तो पळाला की मागे धावायचं. मोडक्या गुडघ्यांनी ते होईना. म्हणजे वजन उतरलं तर ऑपरेशन, ऑपरेशन झालं तर पोराला आजी, नाहीतर सुनेने नोकरी सोडून घरी बसायचं. मी होतो की घरात. पण मला कोणी विचारलं नाही, आणि मीही "मी बघतो" म्हटलं नाही.

हिने मनावर घेतलं. सुनेचे जुने बूट पायात घातले, साडी घोट्याच्या वर खोचली आणि सकाळी खालच्या चौकात बाकीच्या बायकांबरोबर फेऱ्या मारायला लागली. आधी कठड्यापासून नळापर्यंत, मग पूर्ण चौक. दुखायचं, पण चालायची. नाक्यावर माझे सोबती बसतात. एकाने मला हाक मारली, "काय रे, वहिनी शर्यतीत उतरली काय?" दुसरा म्हणतो, "आता तुला पण पळवणार ती, लेंगा घट्ट बांध!" सगळे हसले. मी घरी येऊन हिच्यावरच ओरडलो. "ह्या वयात बूट घालून नाचतेस, लोक हसतात." ती बुटाची नाडी सोडत होती. म्हणाली, "हसांदेत. तेंचे गुडघे बरे आसत."

जेवणही बदललं. स्वतःसाठी एक नाचणीची भाकरी, पालेभाजी, बिनसाखरेचा चहा. भात बंद. आयुष्यभर भात खाल्लेली बाई ती. मला मात्र रोजचंच वाढायची, भात, आमटी, मासळी, काही कमी नाही. मी जेवायचो आणि कोपऱ्यात झाकून ठेवलेली ती एक काळी भाकरी मला दिसायची. मला राग यायचा. कोणाचा ते नीट सांगता येत नाही. वाटायचं, हिने आयुष्यभर मर मर काम केलं आणि आता म्हातारपणी हिला उपाशी ठेवतायत.

म्हणून मी जास्त ठेवायला लागलो.

भूक नसताना आणखी भात मागायचो. सुरमईची दुसरी तुकडी घ्यायचो आणि तिला बोटही न लावता उठायचो. पहिल्या दिवशी तिने ताटाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.

"भूक नव्हती तर घेतलात कित्याक?"

"तू खा."

"डॉक्टरांनी माका भात नको सांगितल्यानी हा."

"माझ्या ताटातलं आहे. फेकणार काय?"

तिने खाल्लं. दुसऱ्या दिवशीही खाल्लं. नवऱ्याच्या ताटातलं अन्न मोरीत टाकणं तिच्या हातून होणार नाही, हे मला ठाऊक होतं. आणि खरं लिहायचं तर मला बरं वाटायचं. डॉक्टर सांगतो, सून सांगते, पण शेवटी माझं ऐकते, असं वाटायचं. तिची भाकरी, तिची भाजी हे तिचं जेवण होतं. माझ्या ताटातलं ती आपल्या जेवणात धरतच नव्हती. ते ताट मोकळं करणं होतं, भांडी घासण्याआधीचं एक काम.

दवाखान्यात आहार सांगणारी एक पोरगी होती, पांढरा कोट घातलेली, माझी नात शोभेल अशा वयाची. एका शनिवारी मी, ही आणि सून असे तिघं गेलो. हिला काट्यावर उभं केलं. आधी जे थोडं उतरलं होतं, ते सगळं परत चढलं होतं, वर आणखी थोडं.

"आजी, जेवता काय तुम्ही?"

"एक भाकरी, भाजी. ताक."

"दोन्ही वेळा?"

"दोन्ही वेळा."

"भात?"

"घेत नाय मी."

पोरगी सुनेकडे बघून हसली, मग हिला म्हणाली, "आजी, हवा खाऊन कोणाचं वजन वाढत नाही हो. मला फसवून काय मिळणार तुम्हाला?"

ही पदर दोन बोटांत धरून उभी राहिली, काट्यावरच. उतर म्हणून कोणी सांगितलं नव्हतं. मी दाराजवळच्या खुर्चीत होतो. चार पावलं अंतर. तिने एकदाही माझ्याकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर कदाचित मी बोललो असतो. मी भिंतीवरच्या फळांच्या चित्राकडे बघत बसलो.

टॅक्सीत सून पुढे बसली होती. मागे न वळता म्हणाली, "आई, जमत नसेल तर सरळ सांगा. मी सोमवारी ऑफिसात राजीनामा देते. रोज रोज हे नको."

"जमतला गो," ही म्हणाली.

"कसं जमणार? खाता आणि नाही म्हणता."

 मी डोळे मिटून झोप लागल्यासारखं केलं.

रविवारी घरात मटण होतं, मुलगा-सून पोराला घेऊन तिच्या माहेरी गेले होते. मी मनात ठरवून बसलो होतो, आज काही ठेवायचं नाही. पण हात सवयीचा. उठलो तेव्हा ताटात नळी होती, भात होता. मोरीपाशी चूळ भरून वळलो तर ही ताटापुढे बसलेली. काल सुनेच्या तोंडून खोटारडी ठरून आलेली बाई, आणि खाली मान घालून माझा भात कालवत होती. घास मोठे घेत होती, लवकर संपवायचं म्हणून. मला तिथे उभं राहवेना. बाहेर गॅलरीत गेलो. नाक्यावरचे हाका मारत होते, त्यांना हातानेच नको म्हटलं.

सोमवारी सून दारात चप्पल घालत होती. खांद्याला पर्स, हातात डबा.

"अगं, थांब जरा."

"बाबा, उशीर होतोय मला."

"ती खोटं बोलत नाही. माझ्या ताटातलं खाते ती. मी मुद्दाम टाकून ठेवतो."

सून वाकली होती ती तशीच वर बघत राहिली. "मुद्दाम?"

"हो."

"का पण?"

ह्याला माझ्याकडे उत्तर होतं. मला तिची दया येत होती, तिने माझंच ऐकावं असं वाटत होतं, मला दुसरं काही देता येत नाही. पण तोंडातून आलं, "सवय."

"सवय," ती म्हणाली. "माझी नोकरी जात होती, बाबा. आणि परवा तुम्ही तिथेच बसला होतात." दार ओढून घेऊन ती गेली.

मला वाटलं होतं, हिला बरं वाटेल. आत वळलो तर ही पोराला मांडीवर घेऊन बसलेली, चेहरा लाल. तिला एवढं चिडलेलं मी पूर्वी बघितलं नव्हतं.

"सांगूची काय गरज होती?"

"तुला खोटारडी म्हणत होते ते."

"म्हणांदेत. ता ताट आपल्या दोघांचा होता. आता सून म्हणतली, सासू उष्टा खाता."

 गप्प बसून तिच्यावर शरमेची पाळी आणली, आणि बोलूनही तीच आणली.

त्या दुपारपासून तिने स्वतःचं ताट घेतलं. मी काही ठेवत नाही, वाढते तेवढं संपवतो. आम्ही समोरासमोर बसून जेवतो आणि दोघांनाही कुठे बघावं कळत नाही. माझं आधी होतं. मग मी रिकाम्या ताटापुढे बसून राहतो, उठलो तर ती घाई करेल म्हणून. सून माझ्याशी बोलते, पाणी हवं का विचारते, बाकी काही नाही.

वजन उतरत गेलं. परवा पुन्हा गेलो तेव्हा आठ पूर्ण होऊन थोडं जास्तच. कोटवाली पोरगी खूश झाली. "बघा आजी, मनावर घेतलंत आणि झालं!" मग माझ्याकडे वळून म्हणाली, "आजोबांनीही साथ दिलेली दिसतेय."

"दिल्यानी," ही म्हणाली. "आता सगळा खातत."

पोरीला काही कळलं नाही, पण ती हसली. सून हसली नाही. तिने ऑपरेशनची तारीख कधी मिळेल ते विचारलं आणि पोराला सांभाळायला मी रजा घेईन म्हणाली; ह्याही वेळी मला कोणी विचारलं नाही. मी खुर्चीखालची पिशवी घ्यायला वाकलो. पिशवी हाताला लागली होती, तरी थोडा वेळ तसाच वाकून राहिलो.