गप्प बसलेलं मशीन

रुग्णालयाच्या संगणक विभागात काकूंची सकाळ ठरलेली असे. सर्व्हरच्या खोलीत शिरायचं, एकेका मशीनची डिस्क किती भरली ते बघायचं आणि बाहेरच्या फळ्यावर लिहायचं. डिस्क काठोकाठ भरली की केसपेपर निघत नाहीत, हे सगळ्यांना माहीत होतं. ती भरू नये म्हणून कोण डोळ्यांत तेल घालून बसतं, याची चौकशी कुणी केली नव्हती.

मग नवे साहेब आले, वयाने काकूंच्या धाकट्या भावाएवढे.

"काकू, हे काम आता स्क्रिप्ट करेल. बाहेरचा माणूस लिहून देईल. तुम्ही पुढच्या महिन्यापासून नोंदणीच्या खिडकीवर बसा."

"स्क्रिप्ट म्हणजे?"

"तुम्ही रोज टाइप करता त्याच कमांड ओळीने एका फाइलमध्ये लिहायच्या. मशीन आपलं आपण चालवतं."

"माझ्याच कमांड ना? मग मीच लिहिते."

साहेब हसले. "लिहा. महिनाअखेर जमलं तर खोली तुमची."

काकूंनी कंबर कसली. पहिला आठवडा बरोबरच्या चिन्हाने खाल्ला. शाळेपासूनच्या सवयीने त्या चिन्हाच्या दोन्ही बाजूंना नेटकी जागा सोडत आणि मशीन प्रत्येक वेळी 'अशी कमांड नाही' म्हणून हात वर करी. जागा काढल्यावर गाडं हललं.

"एवढा मान मला कधी दिलास का?" नवरा म्हणाला. "मी एकदा नाही म्हटलं की भांडतेस. ते शंभरदा नाही म्हणतंय तरी समजूत काढतेस."

"ते कारण तरी सांगतं," काकू म्हणाल्या.

महिना संपत आला तेव्हा स्क्रिप्ट तयार होती. ती प्रत्येक मशीनला विचारी, डिस्क फार भरली असेल तर 'धोका' लिही, नाहीतर 'ठीक'. साहेबांनी अहवाल पाहिला आणि "झकास!" म्हणाले.

दुसऱ्या दिवशी वायरिंगच्या कामासाठी प्रयोगशाळेचं मशीन बंद होतं. काकू सवयीने खोलीत फेरी मारून आल्या आणि अहवाल उघडला. त्या बंद मशीनपुढे लिहिलं होतं, 'ठीक'.

चूक लगेच ध्यानात आली. उत्तरच आलं नाही तर काय करायचं, हे त्यांनी लिहिलंच नव्हतं. 'धोका' नाही, म्हणजे 'ठीक'. स्क्रिप्टने मौनाला संमती समजून टाकलं होतं.

"साहेबांना कळलंय का?" घरी नवऱ्याने विचारलं.

"नाही."

"मग गुपचूप दुरुस्त कर. हात दाखवून अवलक्षण कशाला?"

"ते त्या अहवालावर विसंबलेत. आणखी कुठलं मशीन बंद पडलं तर?"

सकाळी त्या थेट केबिनमध्ये गेल्या आणि सगळं सांगितलं. साहेबांचा चेहरा उतरला. "म्हणजे काकू, तुमची स्क्रिप्ट थापा मारते?"

"मी शिकवलं तेवढंच बोलते. दोन दिवस द्या. तोवर फळा चालू ठेवते."

"दोनच. नाहीतर खिडकी."

दोन दिवस त्यांनी नवं काही जोडलं नाही. सरावासाठी ठेवलेल्या दोन जुन्या मशीनपैकी एकाची केबल काढायची, स्क्रिप्ट चालवायची, केबल लावायची, पुन्हा चालवायची. मशीन आधीपासूनच बंद असलं तर? उत्तर अर्ध्यात तुटलं तर? नाव चुकीचं दिलं तर? एकेका प्रश्नाला एकेक ओळ वाढत गेली.

साहेब आले ते तपासायच्याच तयारीने. "तुम्ही बाहेर थांबा," म्हणाले आणि सरावाच्या मशीनपैकी एकाची केबल स्वतःच उपटून आले. काकूंनी स्क्रिप्ट चालवली. एकापुढे 'ठीक' आलं. दुसऱ्यापाशी ती जरा थबकली आणि मग लिहिलं, 'उत्तर नाही, जाऊन बघा.'

साहेब आत जाऊन केबल लावून आले.

"खिडकीसाठी बघतो दुसरं कुणी," ते म्हणाले. "आता बॅकअपची स्क्रिप्ट कधी देता?"

"आधी बॅकअप कसकसा फसतो ते सगळं करून बघते," काकू म्हणाल्या. "तारीख मग सांगते."