ओव्याचं तेल आणि दळवी काकांची कोळंबी

पुण्याजवळ तळवड्याच्या आमच्या शेडमध्ये आम्ही इनमीन तीन माणसं, पण चहाला कोणी बसलं की किस्से आवरत नाहीत राव! आम्ही ओवा, लवंग, तुळस यांचं तेल काढतो आणि ते कोळंबीच्या आजारावर देतो. समुद्र कुठे, तळवडे कुठे! एवढं सांगितलं तरी समोरचा हसायला लागतो.

मालक शेळके साहेब. गळ्यात माळ, अंडंसुद्धा खात नाहीत. एका लग्नात पाहुण्यांनी विचारलं, "काय करता?"

"कोळंबीचा डॉक्टर आहे."

"मग रोज ताजी खात असाल?"

"अहो, डॉक्टर पेशंटला खातो का?"

मी लॅब सांभाळते. पिंपळे गुरवला घरी जाताना बसमध्ये शेजारची बाई हमखास विचारते, "दाढ दुखतेय का हो?" अंगाला लवंगेचा वास ना! एकीने तर डेंटिस्टचा नंबर दिला. घेतला गुपचूप. काय समजावत बसणार?

भट्टीवर मुल्लाभाई, मूळचे राजगुरुनगरचे. तेल तपासायचं नवीन मशीन आलं, तेव्हा त्यासोबत आलेल्या इंजिनिअरने ऐटीत रिपोर्ट काढला, तेल एकदम ओके! मुल्लाभाईंनी बाटली हुंगली. "न्हाई. ओवा जुना हाय." पुन्हा पाहिलं, तर मशीनमध्ये कालचंच सँपल होतं!

पण दळवी काकांच्या वेळी हसू पळालं होतं. रायगडात खाडीकाठी त्यांचे कोळंबीचे दोन तलाव. एक रोगाने साफ झालेला, दुसऱ्यातही मरतूक सुरू. अँटिबायोटिक टाकलं तर परदेशातून माल परत येतो. काका फोनवर म्हणाले, "ताई, हापण गेला तर मी संपलो."

त्यांच्या तलावातले जंतू काचेच्या बशांमध्ये वाढवून मी त्यावर आमचं तेल तपासत होते. नेमकी मध्येच आली खंडेनवमी! साहेबांनी भट्टीला हळदकुंकू वाहिलं, मशीनला वाहिलं, मग इनक्युबेटर उघडून, झाकणं काढून एकेका बशीला!

मी किंचाळले, "साहेब, आत जंतू आहेत!"

"असू देत. तेपण आपल्याच कामाला आहेत ना!"

सगळं पहिल्यापासून करावं लागलं. तीन दिवस गेले. तिकडे कोळंबी मरत होती, मला रडूच फुटलं.

शेवटी तेल पाठवलं, काकांनी ते खाद्याला चोळून घालायला सुरुवात केली. आठवड्याने आम्ही तिघं तलावावर. खाद्य ठेवून पाण्यात सोडलेला ट्रे काकांनी दोरीने वर ओढला. ट्रे रिकामा!

साहेब मटकन बांधावर बसले. "गेली हो सगळी!" आणि ढसाढसा रडायलाच लागले.

काका आधी बघतच राहिले, मग पोट धरून हसले. "अहो साहेब, रडताय काय? ताट रिकामं म्हंजे पोरां जेवली! गेल्या आठवड्यात शिवत नव्हती."

माझा जीव भांड्यात पडला. साहेबांनी बाहीने डोळे पुसले आणि उलट काकांवरच डाफरले, "मग बघत काय उभे राहिलात? वाढा की अजून!"