न विचारलेला भाव

१९५६ साल. मी वीस वर्षांचा होतो, सदाशिव माझ्याहून एका वर्षाने मोठा. मागच्या महिन्यात भोपाळहून त्याच्या मुलीचा फोन आला, "काका, बाबा गेले," तेव्हा मला त्याचं म्हातारपण आठवलंच नाही. फूलबागेजवळ एका सरदारांच्या मोटारखान्यात, लाकडी पेटीचं झाकण उचलून आत वाकलेला सदू तेवढा दिसला. मी चौथी शिकलेला माणूस, लिहिण्याची सवय नाही. पण ही गोष्ट दुसरा कोणी सांगणार नाही, कारण चूक माझी आहे.

सदू ग्वाल्हेरच्या लष्कर भागात एका सरकारी कचेरीत कारकून होता. कचेरी सुटली की तडक नई सडकेवर माझ्या दुरुस्तीच्या दुकानात यायचा आणि सदऱ्याच्या बाह्या सरसावून इंजिनात हात घालायचा. कुठल्याशा विलायती मासिकातलं एक पान त्याने माझ्या हत्यारांच्या पेटीवर आतून चिकटवलं होतं. शर्यतीत धावणारी फटफटी, तिलाच दिवा आणि नंबराची पट्टी लावून रस्त्यावर आणलेली. असली गाडी आम्ही जन्मात बघणार नाही, असं मी म्हणायचो. आणि तीच गाडी ग्वाल्हेरात आली! फूलबागेजवळच्या त्या सरदारांच्या धाकट्या मुलाने मागवली होती. ती येईपर्यंत तो फौजेत भरती होऊन लांब गेला. जहागीर आधीच गेलेली. पेटीतून सुटी आलेली गाडी जोडायला आम्हाला बोलावलं, आणि सरदारांचे कारभारी हळूच म्हणाले, "सरकार विकणार आहेत. पण तुमच्यासारख्या जाणत्यालाच."

त्याच दिवसांत सदूच्या हातात बदलीचा कागद पडला. नवा प्रांत झाला, राजधानी भोपाळ, कचेरी तिकडे चालली. सदूला जायचं नव्हतं. ही गाडी हातात आली, तिचं इंजिन पाठ झालं, की आग्र्या-झाशीपर्यंतचे शौकीन आमच्याकडे येतील, तो नोकरी सोडेल, दोघांचं वर्कशॉप होईल... असा बेत. पैसे होते. माझ्या आजोबांच्या खोगिराची चांदी मी मोडली होती, त्याने साठवलेलं सगळं काढलं होतं. फक्त भाव कळायचा होता.

आणि तो मी विचारला नाही. आमचं घराणं शिलेदारांचं. शिलेदार म्हणजे स्वतःच्या घोड्यावर चाकरीला येणारा, धन्याचा घोडा मागून घेणारा नव्हे. मोठ्या घरात शिलेदार भाव विचारत नाही, असं वडील सांगून गेलेले. धनी सांगेल ते मोजायचं आणि मुजरा करायचा. तिकडे सरकारांच्या घरची रीत अशी, की घरची वस्तू विकताना आपल्या तोंडून किंमत काढायची नाही.

"बापू, गाडी मनात भरली का?" सरकार विचारायचे.

"भरली, सरकार."

"मग बोला."

"सरकार बोलतील ते."

ते मिशीतल्या मिशीत हसायचे, चहा यायचा, आम्ही परत. असे तीन रविवार गेले. बाहेर येऊन सदू डोकं धरायचा. मला तो थट्टेने सरदार म्हणायचा. "अरे सरदार, तोंडात काय मूग भरलेत? मी विचारतो यार!" मी म्हटलं, "तू विचारलंस तर दोस्ती खतम." तो गप्प बसला. माझ्यासाठी गप्प बसला.

चौथ्या रविवारी मोटारखाना रिकामा. आग्र्याचा एक व्यापारी आला होता, उभ्या उभ्या म्हणाला, "क्या लोगे?" आणि वैतागलेल्या सरकारांनी आकडा सांगून टाकला. कारभाऱ्यांनी तो आम्हाला सांगितला. आमच्याजवळ त्याहून जास्त होते.

सदू भोपाळला गेला आणि निवृत्त होईपर्यंत फायलींत अडकला. मी या दुकानात अडकलो. असं इंजिन परत कधी हाताला लागलं नाही. त्याने मला एकदाही बोल लावला नाही. फक्त दर दिवाळीला आला की चप्पल काढता काढता विचारायचा, "काय सरदार, भाव विचारलास का?" मी हसायचो. हसू यायचं नाही...

या दिवाळीला त्याला येववलं नाही, फोन केला. रेसच्या गाडीवरून काढलेली कुठलीशी नवी फटफटी आपल्याकडे येणार, म्हणून सहा महिने हवा चालली होती, माझा नातू मोबाइलवर दाखवायचा. सदू म्हणाला, "पण कंपनीवाले किंमत सांगत नाहीत बघ. आपल्या सरकारांचे नातलग दिसतात. जा, विचारून ये."

"या वयात? मी नाही जाणार."

"मग अडक तिथेच. तू तिथे, मी इथे," म्हणाला आणि खोकत हसला. तेच शेवटचं बोलणं.

त्याच्या मुलीचा फोन आला ती रात्र मी बसून काढली. दुसऱ्या दिवशी सकाळी हत्यारांची पेटी उघडली. सत्तर वर्षांचं पान, हात लावला तर तुकडे होतील, म्हणून तसंच राहू दिलं. कोट घातला, टेम्पोत बसलो आणि त्या गाडीच्या शोरूममध्ये गेलो. काउंटरवर एक मुलगी होती. भिंतीवर गाडीचं चित्र, गाडी अजून आलेली नव्हती. मी काउंटरवर दोन्ही हात टेकले.

"बेटी, कितने की है?"

"अंकल, अभी प्राइस आई नहीं है."

"कोई बात नहीं," मी म्हटलं. "लिख लो, पूछने आया था."