उद्या सकाळची गाडी

ऑफिसात तिला सगळे घड्याळकाकू म्हणत. तोंडावर नाही, पण तिला ते ठाऊक होतं आणि तिची हरकतही नव्हती. खाली टायरचं दुकान, वर त्यांची कंपनी, आणि खिडकीजवळच्या टेबलावर ती, वर्षानुवर्षं एकच काम करत बसलेली. माणसं वेळ जशी बोलतात तशी कॉम्प्युटरला समजावून सांगायची, हे ते काम. "येत्या शनिवारी जेवण झाल्यावर", "शाळा सुटायच्या सुमारास", "महिनाअखेरच्या आत कधीही" असं लिहून माणूस मोकळा होतो. कॉम्प्युटरला मात्र तारीख लागते आणि तास लागतो. जेवण झाल्यावर म्हणजे दुपारी दोन, यावरून ऑफिसात चांगलं भांडण झालं होतं. एकजण म्हणाला, मी तर चारला जेवतो. त्याला तिने सांगितलं, "तो तुझ्या आईचा प्रश्न आहे, प्रोग्रॅमचा नाही."

स्वतः बोलताना मात्र तिचा सगळा कारभार मोघम. वडिलांना फोनवर ती दर वेळी "पुढच्या आठवड्यात येते" म्हणे, आणि तो आठवडा कायम पुढेच राही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

वडील शिंपी. दुकान बंद केलं तरी शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या पॅंट आखूड करून देणं चालूच होतं. एक डोळा लहानपणीच गेलेला. उरलेल्या डोळ्याचा पडदा खराब व्हायला लागला तेव्हा डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, दर महिन्याला डोळ्यात इंजेक्शन, तेही वेळच्या वेळी. उशीर झाला तर जेवढी नजर जाईल तेवढी परत यायची नाही. हे डॉक्टर फक्त मंगळवारी येत. पेशंटना न्यायला दवाखान्याची गाडी होती, आणि गाडीला निरोप पाठवायची सोय तिच्याच कंपनीने केलेली. तिनेच ती वडिलांच्या फोनवर बसवून दिली. "तुम्ही बोलता तसं लिहा, बाबा. बाकीचं ते समजून घेतं." बाबांनी गल्लीभर सांगून ठेवलं की आपल्या मुलीने यंत्राला माणसाचं बोलणं शिकवलंय.

इंजेक्शनच्या आदल्या संध्याकाळी, सोमवारी, बाबांनी चहा घेत घेत सावकाश लिहिलं, "उद्या सकाळी आठला गाडी पाठवा." बटण दाबलं आणि झोपले. त्यांचं घर इमारतीच्या मागच्या अंगाला, तळमजल्यावर. तिथे फोनची रेंज नावापुरती. निरोप फोनमध्येच बसून राहिला. मंगळवारी सकाळी ते इस्त्रीचा शर्ट घालून, फाईल काखेत मारून फाटकापाशी आले, तिथे रेंज मिळाली, आणि तेव्हा कुठे निरोप सुटला. प्रोग्रॅमने तो वाचला, मंगळवारपासून उद्या मोजला आणि गाडी बुधवारची ठरवली. उलट उत्तरही तत्काळ आलं: "उद्या सकाळी आठला गाडी येईल." माणसाला त्याच्याच शब्दांत उत्तर द्यायचं ही तिचीच कल्पना. तारीख छापली की सरकारी नोटीस वाटते, असं तिचं मत होतं. बाबांना वाटलं, कालच्या निरोपाचं उत्तर आत्ता पोचलं. ते निश्चिंत मनाने दुपारपर्यंत फाटकाशी उभे राहिले.

गाडी बुधवारी आली, आठच्या ठोक्याला. डॉक्टर अर्थातच नव्हते. ड्रायव्हरने वैतागून तक्रार केली की गिऱ्हाईक म्हणतं मी एक दिवस उशिरा आलो आणि माझ्याकडे तर आजचीच वेळ आहे. ती तक्रार फिरत फिरत गुरुवारी तिच्या टेबलावर आली. पत्ता बाबांच्या घराचा होता. तिने बाबांना फोन लावला. तोवर चूक कुठे आहे हे तिला कळलंही होतं.

"मला का नाही कळवलंत?"

"तू कामात असतेस."

"बाबा, डोळ्याचा प्रश्न आहे."

"तुला सांगून काय झालं असतं? पुढच्या आठवड्यात येते म्हणाली असतीस," बाबा म्हणाले. त्यात राग नव्हता. असता तर तिला बरं वाटलं असतं.

दुपारपर्यंत तिने दुरुस्ती केली. निरोप कधी पोचला ते सोडून कधी लिहिला ते धरायचं, आणि उत्तरात वार-तारीख द्यायची. लिहिल्याची वेळ प्रत्येक फोन आधीपासूनच पाठवत होता, तिने ती कधी विचारातच घेतली नव्हती. बैल गेला आणि झोपा केला.

पुढच्या मंगळवारी तिने रजा टाकली आणि स्वतः त्यांना घेऊन गेली. डॉक्टरांनी समोरच्या तक्त्यावरची अक्षरं वाचायला लावली. मागच्या महिन्यात वाचलेल्या शेवटच्या दोन ओळी आता बाबांना दिसत नव्हत्या. मधल्या आठवड्यात आत रक्त उतरलं होतं. "त्या आता गेल्या. आहे ते सांभाळू," डॉक्टर म्हणाले, आणि इंजेक्शनची तयारी करायला लागले.

परत येताना दोघं दवाखान्याच्या पायऱ्यांवर थांबली. बाबांच्या डोळ्यावर पट्टी नव्हती, फक्त पाणी येत होतं.

"चूक माझी होती बाबा. मीच तसं लिहिलं होतं," ती म्हणाली. तिला रडू आलं आणि तिने ते लपवलं नाही.

"सुईत दोरा गेल्या महिन्यापासूनच जात नव्हता," बाबा म्हणाले. हे खरं की तिच्यासाठी, त्यांनी ताकास तूर लागू दिली नाही. "दुरुस्त केलंस ना?"

"केलं."

"मग झालं तर."

त्यांनी खिशातून फोन काढला, नाकाला टेकेल इतका जवळ धरला आणि एकेक अक्षर शोधत लिहायला लागले.

"काय करताय?"

"पुढच्या इंजेक्शनची गाडी सांगून ठेवतो."

"गाडी कशाला? मी नेईन."

"कधी?"

"पुढच्या महिन्यात दुसऱ्या मंगळवारी. आठच्या आत दारात असेन." एवढं नेमकं ती बाबांशी कधी बोलली नव्हती.

"ये की," बाबा म्हणाले आणि लिहिणं पुरं केलं. लगेच उत्तर आलं. वार, तारीख, वेळ, सगळं बरोबर. त्यांनी फोन तिच्या हातात दिला.

"जरा वाचून दाखव गं, मला दिसत नाही. गाडी नक्की येणार ना?"