बुचावरचं नाव

फोन वाजला की मी दचकतो, ही जुनी सवय. पाच आठवड्यांपूर्वी तो वाजला आणि हुसेनभाईंची मुलगी सलमा एवढंच म्हणाली, "अंकल, अब्बा गेले..." त्यांची एका गोष्टीसाठी माफी मागायची होती. आज मागू, उद्या मागू करत सगळा जन्म गेला.

साठच्या दशकातली गोष्ट. दुबईच्या खाडीकाठी एका परदेशी कंपनीच्या गोदामात हुसेनभाई स्टोअरकीपर होते. मला रत्नागिरीहून त्यांनीच आणलं, मॅनेजरला स्वतःचा शब्द देऊन. त्या उन्हाळ्यात इटलीतल्या एका कुटुंबाच्या द्राक्षमळ्यातून वाइनच्या पेट्या आल्या. बाप, दोन मुलं आणि आत्या, एवढेच मिळून वेली राखायचे आणि बाटल्या भरायचे. वाइन दोन तऱ्हेची, एका पेटीत एकच तऱ्हा. एक रोजच्या जेवणातली, दुसरी आजोबांनी लावलेल्या वेलींची. "उचलायची, ठेवायची, ओठांना लावायची नाही," हुसेनभाईंनी मला बजावलं. दर वेळी हात धुऊन ते नमाजला जायचे.

उकाड्याने वाइन मरते, असं पेट्यांसोबतच्या पत्रात लिहिलेलं. मी शहाणपणा केला. "भाई, बाटल्या फरशीवर आडव्या मांडू, वर ओलं गोणपाट टाकू. घरी माठाला गुंडाळतो तसं." एकेका पेटीची एकेक रांग लावली, पेट्या मोडल्या, आणि दिवसातून तीनदा पाणी मारत राहिलो. आठव्या दिवशी गोणपाट उचललं तर लेबलांचा लगदा झालेला. सगळ्या बाटल्या सारख्याच दिसत होत्या. आणि दुसऱ्याच दिवशी मळ्याचा थोरला मुलगा लुका येणार होता! चाखून ओळखावी, तर तीही सोय नाही. पहिल्या बोटीने मुंबई, खलास.

"हे काम कुणाचं?" मॅनेजरने लुकासमोरच विचारलं. मी खाली गोणपाटाकडे बघत राहिलो.

हुसेनभाई पुढे झाले. "पाणी मी मारलं, साहेब. याला काही ठाऊक नाही."

लुकाने एक बाटली उघडली, घोट घेतला आणि बूच आमच्यापुढे धरलं. त्यावर मळ्याचं आणि वाइनचं नाव डागलेलं होतं. प्रत्येक बुचावर असतं म्हणे. रांगेतली एक उघडली की अख्ख्या रांगेचा पत्ता लागतो. आम्ही जन्मात बाटली उघडलेली नाही, आम्हाला काय कल्पना... "वाइन जिवंत आहे," लुका म्हणाला. "कागद काय, आत्या पुन्हा पाठवेल."

तरी मॅनेजर महिनाभर हुसेनभाईंशी धड बोलला नाही. मी ते रोज बघत होतो आणि गप्प होतो. लाज वाटते लिहितानाही.

लुकाने दिलेलं ते बूच हुसेनभाईंनी तीनदा धुतलं आणि भोक पाडून चावीला बांधलं. होडीतून खाडी ओलांडताना चावी पाण्यात पडली तर तरंगावी म्हणून. गोदाम सुटलं, तसं ते घराच्या चावीला आलं.

गेल्या आठवड्यात सलमाकडे गेलो. दाराशी खिळ्याला तेच बूच बांधलेली चावी होती. मला राहवलं नाही. म्हटलं, "बेटा, पाणी मारायला तेव्हा मीच सांगितलं होतं."

"आय नो, अंकल," ती म्हणाली. "अब्बा आम्हाला नेहमी सांगायचे. आणि म्हणायचे, त्याच्यासमोर विषय काढू नका, तो घाबरतो."

चावी हातात घेतली. बुचावरचं नाव पार झिजून गेलंय.